घागरतळ्याची माहेरवाशीण

निंबसरीच्या तळ्याकाठी एक दगडी कोनाडा आहे. त्यात मूर्ती नाही, शेंदूर फासलेला तांदळाही नाही. पोचे पडलेली एक तांब्याची घागर तेवढी आहे. नवखे पाहुणे आधी हात जोडतात आणि मग देव कुठला म्हणून विचारतात. तिथली राखण करणारे म्हातारे बयाजी तांबट यावर हसतात. "देव न्हाई, पाव्हणं. माहेरी आल्याली लेक हाय ती. टेका, सांगतो."

सात पिढ्यांमागे, म्हणे, निंबसरीच्या लोकांनी हे तळे स्वतःच्या हातांनी खणले. त्या काळी गावात एक तांबट होता. लग्नातल्या भांड्यावर नाव घालायला सांगितले, की हा गडी नावासोबत त्या साली गावात काय घडले तेही ठिपक्याठिपक्यांनी कोरून द्यायचा. "भांडं हाय का पंचांग?" म्हणून लोक त्याची थट्टा करत. तो कोरत राहिला आणि भांडी लेकींबरोबर सासरी जात राहिली.

तांबट गेला. त्याची सून साळूबाई हातोडी चालवू लागली. तिच्या काळात चावडीला आग लागली, गावचे कागद जळाले, अर्ध्या पेठेतल्या भांड्यांचे गोळे झाले. शेजारच्या खडकोलीच्या पाटलाला हे आयतेच फावले. तळे आमच्या वाडवडिलांनी खणले, असा दावा त्याने संस्थानच्या कारभाऱ्याकडे लावला. कारभाऱ्याने अक्षय तृतीयेपर्यंत मुदत दिली. लेखी पुरावा आणा, नाहीतर तळे खडकोलीचे.

गावचे कर्ते पुरुष हातावर हात धरून बसले. साळूबाई मात्र चिडली. "लिव्हलेलं जळालं म्हणून रडताय? आपलं लिव्हलेलं लेकींच्या पाठी धाडलंय की!" तिने तिथेच शपथ घेतली, की तळ्याचा निकाल लागेपर्यंत या तळ्याचा घोट घेणार नाही, आणि लेकीच्या घरून आणलेले प्रत्येक भांडे ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर परत पोचवीन.

मग ती पायी निघाली. माहेरचे भांडे माघारी गेले की लेकही माघारी जाते, असा समज. सासवा काही सुखासुखी देईनात. साळूबाई दारात बसून राही, भांडे घेऊनच उठे. अशी अकरा भांडी जमली. त्यांवर तळ्याच्या पायऱ्या होत्या, पहिली कमळे होती, गाळ काढल्याचे साल होते. पण तळे खणले कुणी, हे सांगणारी घागर एकच होती. तिच्या सासऱ्याने ती गावच्या एका लेकीच्या, सोनाईच्या लग्नात घडवलेली, आणि सोनाई दिलेली खडकोलीत. दावा लावणाऱ्या पाटलाची ती आई!

साळूबाई तिथेही गेली. पाटलाने तिला वेशीवरूनच हाकलले.

अक्षय तृतीयेला तळ्याकाठी कारभारी बसला. त्याने अकरा भांडी वाचली आणि मान हलवली. तळे जुने आहे एवढेच यातून कळते, म्हणाला. तेवढ्यात माणसे बाजूला झाली. सत्तरीची सोनाई डोक्यावर घागर घेऊन आली, लेकासमोरून गेली, पायऱ्या उतरली, घागर भरली आणि कारभाऱ्यापुढे ठेवली. घागरीवर कोरले होते, 'निंबसरीकरांनी तळे खणले. पहिले पाणी लेक सोनाई हिस.'

तळे निंबसरीचे राहिले. साळूबाईने त्याच घागरीतला घोट घेतला आणि ढसाढसा रडली.

पाटलाने मात्र आईला दार बंद केले. सोनाई साळूबाईकडे राहिली आणि वर्षाच्या आतच गेली. लेकाचे नाव घेत गेली, असे सांगतात.

साळूबाईने अकरा भांडी घरोघर पोचवली. बारावी उरली. पुढच्या अक्षय तृतीयेला तिने ती तळ्यावर भरली आणि खडकोलीला पाटलाच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडले नाही. दिवस मावळला तशी ती परतली. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी गावाने समजावले, आता पुरे. "शबुद दिलाय," एवढेच ती बोलली.

त्या उन्हाळ्यात खडकोलीच्या विहिरी आटल्या होत्या. या खेपेला पाटलाने दार उघडले. समोर भरलेली घागर आणि तिच्यावर आईचे नाव. त्याने ती दोन्ही हातांनी उतरवून घेतली आणि म्हणाला, "आई, घरात ये."

संध्याकाळी घागर त्याने स्वतः तळ्यावर आणून ठेवली. "माहेर तिचं हितं हाय. पर सालातनं एकदा घरी धाडत जा."

आजही निंबसरीत लेकीच्या भांड्यावर त्या सालची गोष्ट कोरतात. बयाजींच्या नातीच्या तांब्यावर 'गावात नळ आले' असे आहे. खडकोलीतही आता नळ आहेत, पाण्यासाठी कुणी अडत नाही. तरी दर अक्षय तृतीयेला ही घागर भरून पाटलांच्या दारी जाते. घरातला थोरला माणूस उंबऱ्याबाहेर येऊन ती उतरवून घेतो. यंदा तो शहरातून आलेला, पँट-शर्टातला होता. घागर हातात घेताना त्याचे शब्द मात्र तेच.

"आई, घरात ये."