तीन हात खळ

सह्याद्रीच्या माथ्यावर कुंभेवाडी नावाचं पस्तीस उंबऱ्यांचं गाव आहे. एका चैत्रात श्री निवांतमहाराज तिथे मुक्कामाला होते. इतक्या अडचणीच्या जागी महाराज का राहिले, याचा भक्तमंडळींनी फार खोल अर्थ काढला आहे. महाराजांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इथलं हुलग्याचं माडगं चांगलं असतं."

पूर्वी या गावात लोखंडाच्या भट्ट्या होत्या, कोळसा पाडणारे होते, कड्यावरचा मध उतरवणारे होते. मग घाटातून गाडीरस्ता झाला. सगळं तयार मिळू लागलं आणि एकेक धंदा त्याच रस्त्यानं खाली उतरून गेला. उरला फक्त येसू सणगराचा घोंगड्यांचा माग. तो उरला याचं कारण असं की माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला होता आणि खड्डा गाडीत घालून नेता येत नाही.

त्या खड्ड्यावर गावच्या सुभानराव पाटलांचा डोळा होता. त्यांना तिथे दुकान काढून गिरणीची ब्लँकेटं विकायची होती. नमुना म्हणून एक लालभडक ब्लँकेट ते भर उन्हातही खांद्यावर टाकून हिंडत. घामानं रंग सुटून त्यांची मान जास्वंदीसारखी झाली होती. पण लोक त्याला पाटीलकीचं तेज समजत.

गावाची रीत अशी की चैत्री यात्रेला भैरोबाच्या गादीवर येसूचं नवं घोंगडं अंथरायचं. पाटलांनी त्यावर डोकं टेकून "मानलं" म्हणायचं. देवानं घोंगडं मानलं की वर्षभर मागाच्या जागेला कोणी हात लावायचा नाही.

"आणि यंदा नाही मानलं तर?" पाटलांनी चावडीत विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "तर खड्डा बुजवायचा!"

येसू कामाला लागला. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे लोकरीचा धागा विणताना तुटत नाही. येसूनं खळीचा एक हात दिला. पण त्याचं चित्त महाराजांच्या अभंगात रमलेलं. हात दिला की द्यायचाय, हेच आठवेना, म्हणून त्यानं दुसरा दिला. नवऱ्याची तंद्री बघून हा विसरणार, अशी बायकोची, चिमाबाईची खात्री पटली. तो नदीवर गेल्यावर तिनं तिसरा दिला.

घोंगडं विणून मागावरून उतरलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं.

"अवं," चिमाबाई म्हणाली, "ह्याची घडी घालायची का ह्याला बिजागरी लावायची?"

यात्रा दुसऱ्या दिवशी! येसूनं ते डोक्यावर घेऊन महाराजांचे पाय गाठले. "महाराज, चूक झाली. बापजाद्याचा माग जातोय माझा."

महाराजांनी घोंगड्यावर टकटक केलं. कान लावून ऐकलं. "मजबूत आहे. काम केलंस येसोबा, जरा जास्तच केलंस. असंच ने."

सकाळी सारा गाव वाजतगाजत पठारावरून देवळाकडे निघाला. सगळ्यांत मागे येसू, डोक्यावर घोंगडं आडवं. त्याच्या सोबतीला महाराज. आणि थट्टा करायला मिळावी म्हणून मुद्दाम मागे राहिलेले पाटील.

"काय येसू, दार आणलंस. चौकट कुठाय?"

येसूनं डोक्यावरचं घोंगडं सावरलं. महाराजांनी तेवढं हसून घेतलं.

गाव देवळात पोचला, आणि मागच्या तिघांवर पठाराच्या मधोमध आभाळ फुटलं! लिंबाएवढ्या गारा! झाड नाही, झोपडं नाही, लपायला करवंदीची जाळीसुद्धा नाही.

"येसोबा, उभं कर!"

दोघांनी मिळून घोंगडं मधोमध वाकवलं आणि छपरासारखं उभं केलं. आत शिरता शिरता येसू रडवेला झाला. "पाणी लागलं की खळ विरघळती, महाराज. आता बसंल बघा खाली."

"बसेल. पण विरघळायचं असतं हे त्याला सांगायला कोण गेलंय?"

बाहेर पाटील ब्लँकेटाखाली उभे होते. ब्लँकेट पाणी पिऊन म्हशीएवढं जड झालं होतं, आणि पागोट्यावर गारांची टिपरी चालली होती.

"पाटील, आत या," महाराजांनी हाक दिली.

"एवढंसं तोंड आहे त्याला! मी काय रांगत येऊ?"

"दार येसोबानं आणलंय. चौकट तुम्ही आणा, मग ताठ मानेनं या."

पुढची गार पाटलांच्या नाकावर बसली. पाटील रांगत आत आले.

घटकाभर पाऊस आणि गारा कोसळत होत्या. आणि भक्तहो, घोंगडं तसूभर खचलं नाही! येसू टक लावून बघत राहिला. सणगराच्या सात पिढ्यांत पाण्याला न भिणारी खळ कोणी पाहिली नव्हती. शेवटची गार पडली. थकलेल्या बैलाला सांगावं तसं महाराज हळूच म्हणाले, "आता बस, बाबा."

घोंगडं अलगद खाली आलं. कसं? लोण्यासारखं मऊ! सगळी खळ एका बाजूनं वाहून गेली. महाराजांवर थेंब नाही, येसूवर थेंब नाही. त्या बाजूला पाटील होते.

देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचेतो कडक ऊन पडलं आणि पाटील वाळले. सदरा पत्र्यासारखा झाला, मिशा खिळ्यांसारख्या. गादीवर मऊशार घोंगडं अंथरलं गेलं, आणि सगळा गाव पाटलांकडे बघू लागला. येसूनं डोळे मिटून घेतले.

पाटील वाकू लागले. सदऱ्याचा करकर आवाज पार दीपमाळेपर्यंत ऐकू गेला. घोंगड्याला कपाळ टेकलं, आणि तिथून बारीक आवाज आला, "मानलं!"

मग ते वळून महाराजांच्या पायाशी वाकले. महाराज बाजूला सरले. तिथे येसू उभा होता. पाटील तेवढ्यासाठी पुन्हा उठले नाहीत. तसेच त्याच्या पाया पडले.

येसूनं घाबरून त्यांना दंडाला धरून उठवलं. मग सवयीनं सदऱ्याची बाही दोन बोटांत चोळून पाहिली.

"तीन हात बसलेत, पाटील," तो अदबीनं म्हणाला. "कोमट पाण्यात भिजवा. निघंल."