भोकाएवढी लोकर

मेंढरं बोलत, त्या काळची गोष्ट. माळावर धनगराची म्हाकूबाई आणि तिची काळी मेंढी अशा दोघीच राहत. बाकीचा कळप रोगानं गेला होता.

घोंगडीला भलं मोठं भोक पडलं, तशी म्हाकूबाई कातर घेऊन आली. मेंढी मागं सरली. म्हणाली, "माझं म्हणायला आता एवढी लोकरच राहिलीय."

दोरीवरची घोंगडी म्हणाली, "पोरी, माझ्या काठात तुझी आई आहे, मधे तुझ्या मावश्या. तुझीच जागा रिकामी आहे बघ."

मेंढी गुमान उभी राहिली. म्हाकूबाईनं लोकर कातरली, सूत कातलं, भोक विणून बुजवलं.

संध्याकाळी बोडकी मेंढी कुडकुडू लागली. म्हाकूबाई तिला खेटून बसली आणि दोघींवर घोंगडी ओढली. मेंढीनं घोंगडी हुंगली.

किती दिवसांनी सगळा कळप एका जागी बसला होता.