समोरची बाजू

“मग हाताचं घेऊ, का हवेवर चालणारं?”

दस्तगीर वस्ताद पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

केतकीने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. टायर चढवायच्या यंत्रांचे फोटो होते. लाल, निळं, करडं.

“बघा तरी.”

“बगितलं. रंग झ्याक हाय.”

गगनबावड्याच्या रस्त्याला, कोल्हापूर मागे पडलं की वस्तादांचं पत्र्याचं दुकान लागतं. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. केतकी पाच वर्षं जर्मनीत गाड्यांचं शिक्षण घेऊन दिवाळीत परतली होती. आल्या आल्या तिने एक जुनी गाडी घेतली होती, माळावरच्या मातीत पळवायला.

“तिकडे प्रत्येक हौशी रेसरच्या घरी असं यंत्र असतं, वस्ताद. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.”

“माझ्या दारात उभं राहून पाय दुखलं व्हय?”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

“माझ्याकडे चारच रिमा आहेत. सरावाला मातीचे टायर, घरी जायला रस्त्याचे. आठवड्यातनं दोनदा काढायचे, दोनदा चढवायचे. तुमच्याकडे ही रांग. आणि रविवारी शर्यत.”

“बरं.”

“आणि मला सगळं स्वतः करायचंय. एकटीनं.”

वस्तादांना बुडबुडा सापडला. त्यांनी तिथे खडूने खूण केली.

“टायर आणलास?”

“दोन आहेत, या घरच्या गाडीच्या डिकीत. शर्यतीच्या गाडीच्या दोन रिमाही.”

“एक टायर, एक रिम काढ. चढव.”

“हातानं?”

“मशीन अजून घेतलं न्हाईस न्हवं?”

तिने रिम जमिनीवर आडवी ठेवली. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं. वस्तादांनी आपल्या दोन लोखंडी टॉमी तिच्याकडे सरकवल्या. पट्टीसारख्या चपट्या, धरायच्या जागी अंगठ्याने झिजून चकचकीत झालेल्या.

खालची कड सहज गेली. वरची पाऊण गेली. शेवटची वीतभर अडली.

केतकीने टॉमी तिथेच घातली आणि अंगावरचा सगळा भार टाकला. टॉमी सटकली. टायरच्या कडेचं थोडं रबर सोलून निघालं.

“अगं, अगं... कड फाटली तर हवा कोण धरणार?”

रांगेतला एक ट्रॅक्टरवाला हसला. “ताई, जर्मनीत टायर आपणहून चढत्यात काय?”

केतकीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

“इथं अडतंय, वस्ताद. इथं.”

“दिसतंय.”

“माझा जोर कमी पडतोय.”

“न्हाई.”

“मग?”

वस्ताद उठले. फडक्याला हात पुसले. टायरला वळसा घालून तिच्या बरोब्बर समोर गेले. दोन्ही हात पाठीमागे बांधले. आणि आधीच बसलेल्या कडेवर नुसता एक गुडघा टेकला.

समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली.

“आता.”

केतकीने टॉमी उचलली. जोर लावावाच लागला नाही. अडलेली वीतभर कड आत गेली.

ती टायरकडे बघत राहिली.

“तुम्ही तर काहीच केलं नाही.”

“न्हाईच केलं.”

“कळलं मला,” ती घाईने म्हणाली. “समोरची बाजू खाली गेली की इकडे ढील मिळते. साधी भूमिती आहे. यंत्राला त्यासाठी एक वेगळा हात असतो, समोरून दाबायला.”

“हात असतोय?”

“हो. म्हणून तर एकट्या माणसाला जमतं.”

“वा.” वस्तादांनी हवेची नळी ओढली. “कुठं ठेवणार मशीन?”

“आप्पांच्या गॅरेजमध्ये.”

नळी हातातच राहिली.

केतकीच्या आप्पांच्या, विश्वासराव इंगवल्यांच्या, गाडीचे टायर वस्तादांनी वीस वर्षं चढवले होते. प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी विश्वासराव याच पत्र्याखाली बसायचे. तीन वर्षांपूर्वी फाउंड्रीतल्या अपघातात त्यांचा उजवा हात कोपरापासून निकामी झाला. त्यानंतर ना ते इथे आले, ना स्वतःच्या गॅरेजमध्ये उतरले.

“उतरतात खाली?”

“नाही. फिरायला जातात, देवळात जातात. पण गॅरेजकडं फिरकत नाहीत. मी गाडी चालू केली की वर रेडिओ मोठा होतो.”

“बोलावलंस?”

“काय म्हणून बोलावू? पाना धरता येत नाही त्यांना. नुसतं बघत बसायला बोलावलं तर त्यांना किती लागेल...”

“म्हणून मशीन.”

केतकीने मोबाइल खिशात टाकला. एक ट्रॅक्टर रांगेतून पुढे सरकला. वस्तादांनी त्याला हातानेच थांबवलं.

“यंत्र आलं की कॉम्प्रेसर सुरू होईल,” ती हळू म्हणाली. “रबराचा वास जिन्यावरून वर जाईल. गॅरेज पुन्हा पहिल्यासारखं वाजायला लागेल... मला वाटतं, कसला आवाज म्हणून तरी ते उतरतील. बारा पायऱ्या तर आहेत.”

वस्तादांनी नळी टायरच्या व्हॉल्व्हला लावली.

“लहानपणी घाटात गिअर टाकताना ते माझा हात त्यांच्या हाताखाली घ्यायचे. गिअर मीच टाकला असं मला वाटायचं. तिकडे परक्या गाड्या चालवताना प्रत्येक वेळी तो हात आठवायचा. आणि तो हात गेला, तेव्हा मी परीक्षेला बसले होते. मला महिन्यानं सांगितलं, वस्ताद. महिन्यानं...”

वस्तादांनी टायरमध्ये हवा सोडली. एक कड बसली. टप्. वस्तादांनी बोट वर करून तिला थांबवलं. दुसरी बसली. टप्.

मग त्यांनी चढवलेला टायर तिच्या डिकीत ठेवला. दुसरा टायर आणि दुसरी रिम तिथेच होती. त्या रिमवर आपल्या दोन्ही टॉमी ठेवल्या आणि डिकीचं झाकण लावलं.

“हे काय?”

“घेऊन जा. रविवार झाला की आणून दे.”

“आणि दुसरा टायर?”

“तो घरी चढव.”

“एकटीला नाही जमणार. आत्ताच बघितलंत ना तुम्ही.”

“न्हाई जमणार.”

“मग यंत्र घेऊ ना?”

“घे की. कोण नको म्हणतंय? रविवारनंतर घे.”

“पण तोवर समोर कोण बसणार?” तिचा आवाज चढला. “घरात आम्ही दोघंच. मी आणि आप्पा. आणि त्यांचा तर हात...”

वस्ताद टाकीपाशी जाऊन बसले होते. खडूची खूण पुसली गेली होती. त्यांनी ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली.

“हात गेलाय. गुडघा हाय न्हवं?”