तीन नंबरची किल्ली

देवाशपथ, ही गोष्ट खरी आहे. फक्त मी तिथे नव्हतो आणि ते धरणही मला अजून सापडलेलं नाही.

धरणाचे दरवाजे उघडणारा संगणकाचा प्रोग्रॅम जुना झाला होता. मेमरी सांभाळणाऱ्या सुरक्षित भाषेत तो नव्याने लिहा, असा सरकारी सल्ला आला. मुख्य अभियंता हर्डीकरसाहेब हसले.

"काम झालं की प्रोग्रॅमने मेमरीतली जागा सोडायची, पुन्हा तिथे शिरायचं नाही. सावध माणसाला भाषेने काय शिकवायचं? सावध माणूस चुकतो हे आज दाखवा शलाकाबाई, लगेच सही करतो."

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शलाकाचं माहेर धरणाखालीच होतं. साहेबांच्या खिशातून डोकावणारी विश्रामगृहाची किल्ली तिने नीट पाहून ठेवली.

जेवणानंतर पाण्यावरून गार वारा आला, डोंगरसुद्धा पेंगले. साहेब तरंगतच विश्रामगृहात गेले, तीन नंबर उघडून पलंगावर आडवे झाले. शेजारी कलेक्टरांच्या सासूबाई किंचाळल्या!

"अहो, ही माझी खोली!" साहेब म्हणाले.

"सकाळीच सोडलीत ना, साहेब?" दारातून शलाका म्हणाली. "किल्ली तेवढी खिशात राहिली. नवी भाषा खोली सोडतानाच किल्ली काढून घेते."

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली, एवढं मात्र मी रचलं. आधी त्यांनी झोप पूर्ण केली, चार नंबरात.