दहा हजार एक माणसे

राज्यांच्या सीमा नद्यांवरून ठरत, त्या फार जुन्या काळी घडलेली ही हकिकत. एका नदीने पात्र बदलले आणि पलीकडचा मुलूख पाण्याखाली गेला. तिथली माणसे अलीकडच्या राजाच्या आश्रयाला आली. मोजली तेव्हा दहा हजार एक भरली.

राजा म्हणाला, "यांना नव्या वस्त्या वसवून द्या. पण सगळ्या वस्त्यांत माणसे सारखीच हवीत. मोठी वस्ती लहान वस्तीवर दादागिरी करते."

हिशेब राजगणिती भानुधरशास्त्र्यांकडे आला. त्यांनी दोनने भागून पाहिले, तीनने पाहिले, पाचने, सातने. दर वेळी बाकी उरे. शंभरापर्यंतच्या मूळ संख्या तपासायला हव्यात हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण त्रेपन्नपर्यंत येता येता दुपार टळली, पोटात कावळे ओरडू लागले. 'आता काय भाग जाणार!' असे म्हणून त्यांनी पाटी ठेवली.

"महाराज, ही मूळ संख्या आहे. हिचे सारखे भाग पडत नाहीत. एक माणूस कमी केला, तर शंभरांच्या शंभर वस्त्या होतील."

राजाला वाईट वाटले, पण शास्त्रीबुवांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. यादीत सर्वांत शेवटी सगुणा कोष्टीण होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना होडीत बसवता बसवता ती मागे राहिली होती. तिला राज्याबाहेर जायला सांगण्यात आले.

सगुणा शास्त्र्यांच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली.

"जाते मी. पण शास्त्रीबुवा, तुम्ही शेवटपर्यंत बघितलंत ना? आम्ही नक्षी बसवताना शेवटचा धागा जुळेपर्यंत मागावरून उठत नाही, म्हणून विचारते."

आपण त्रेपन्नलाच थांबलो होतो, हे शास्त्र्यांना आठवले. त्यांनी पाटी पुन्हा ओढली. एकोणसाठ, एकसष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर. बाकी उरतच होती. मग त्र्याहत्तर. बाकी शून्य! भाग गेला होता एकशे सदतीस वेळा.

सगुणेला पाटी वाचता येत नव्हती. पुसून टाकली असती, तर कुणाला कळले असते? त्यांनी एकदा तिच्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे पाहिले आणि पाटी उचलून ते तिच्यासह दरबारात गेले.

"महाराज, त्र्याहत्तर वस्त्या, दर वस्तीत एकशे सदतीस माणसे. कुणालाही घालवायला नको. संख्येत खोट नव्हती. मीच अर्ध्यात उठलो होतो."

राजाने त्यांचे राजगणितीपद काढून घेतले. शास्त्र्यांनी मान खाली घालून ते सोडले. पण सगुणा त्र्याहत्तराव्या वस्तीत गेली, आणि तिथे तिचा माग पुन्हा सुरू झाला.

तात्पर्य: अर्धवट तपासून दिलेला निकाल कुणाच्या आयुष्यावर लादू नये.