उतरलेल्या वजनाएवढा गूळ

"पण आता कशासाठी चढू, महाराज?"

धैर्यशीलनं पाठीवरची गोणी मठाच्या ओसरीवर टेकवली आणि तिच्याशेजारी बसत विचारलं. दम लागला होता, तरी चेहऱ्यावर ऐट होती.

गोणीत गूळ होता. पोराचं जेवढं वजन उतरेल तेवढा गूळ टेकडीवरच्या भैरोबाला वाहीन, असा नवस त्याच्या आईनं, हौसाबाईनं, बोलला होता. उतरलं चाळीस किलो. तेवढा गूळ पठ्ठ्यानं एकट्यानं वर आणला होता.

निर्मळगिरी महाराज वाती वळत बसले होते. त्यांनी गोणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बरेच दिवस दिसला नाहीस."

"तेच तर सांगतोय. दोन वर्षं रोज पहाटे टेकडी चढलो. काटा खाली यायचा, हुरूप वाढायचा. मग डॉक्टर म्हणाले, बास, आता आहे तेवढंच राखा. त्या दिवसापासून पाय उचलत नाहीत. काटा आता हलतच नाही. हलला तर वर."

"हलला?"

"...चार किलो."

ऐट तिथं संपली. चाळीस किलो उतरवलेला माणूस चार किलोला किती भितो, हे ज्याचं उतरलंय त्यालाच कळतं. पूर्वी चपलेचा पट्टा लावायला त्याला वाकता यायचं नाही. आई लावून द्यायची. ते दिवस परत येतील या धास्तीनं त्याला रात्री झोप लागत नव्हती, आणि पहाटे उठवत नव्हतं.

"एखादा मंत्र द्या, महाराज. मन टिकेल असा."

महाराजांनी वात बाजूला ठेवली.

"आधी गूळ. नवस कुणाचा?"

"आईचा."

"मग तू का आणलास?"

"वजन माझं उतरलं ना."

"वजन तुझं, नवस तिचा. इथं ज्यानं बोलला त्याच्याच हातानं फेडायचा."

याच गावात जन्मलेल्या धैर्यशीलला हा रिवाज ठाऊक नव्हता असं नाही. पण माणूस यशात असला की देवाचे नियमही त्याला आपल्यापुरते सैल वाटतात.

"तिचे गुडघे गेलेत, महाराज. कैक वर्षांत वर आलेली नाही. खाली पहिल्या पायरीवर बसलीय."

"आज?"

"रोजच बसायची, मी चढायचो तेव्हा. खाली आलो की विचारायची, देवाचा फेटा आज कुठल्या रंगाचा होता?"

"काय सांगायचास?"

"लाल..."

"होता लाल?"

धैर्यशील गोणीची दोरी चाचपत राहिला.

"कधी बघितलंच नाही. घड्याळ बघायचो आणि माघारी फिरायचो."



महाराज उठले. गोणीला हात घालून त्यांनी उचलून पाहिलं. जेमतेम हलली.

"आई याच्याहून जड आहे का रे?"

धैर्यशील हसणार होता. हसला नाही. उठला आणि पायऱ्या उतरू लागला.

पुढचं पायथ्याशी फुलं विकणाऱ्या बायकांनी पाहिलं. तो आईपुढं पाठ करून खाली बसला.

"येडा का काय तू?" हौसाबाई म्हणाली. "लोकं काय म्हंतील? मेल्यावर ने की खांद्यावरनं."

"मेल्यावर चौघं लागतील. आज मी एकटा पुरे. बस."

तिनं पदर कमरेला खोचला आणि पोराच्या गळ्यात हात टाकले.

पहिल्या वळणापर्यंत ती लाजून डोळे मिटून होती. दुसऱ्या वळणावर ओरडली, "हळू रं, मी काय गूळ हाय?" शेवटच्या टप्प्यात त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. उतरणारी माणसं कडेला होऊन वाट देत होती. त्यांतल्या कुणीतरी "भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं, मग मागून आणखी कुणी, आणि सगळी टेकडीच म्हणू लागली. त्यानं आईला कुठंही खाली ठेवलं नाही. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचले तेव्हा हौसाबाईचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

तिनं आपल्या हातानं गूळ वाहिला. मग देवाकडे बघत राहिली, पोटभर.

"पिवळा हाय," ती म्हणाली.

"काय?"

"फेटा. तू रोज लालच सांगायचास की."

धैर्यशीलनं मान खाली घातली. मग मायलेक दोघंही हसू लागले, आणि हसता हसता धैर्यशीलचे डोळे वाहू लागले. त्यानं ते पुसले नाहीत. आयुष्यात इतका आनंद त्याला काट्यावर उभं राहून कधीच झाला नव्हता.

"झालं, महाराज," हौसाबाई म्हणाली. "नवस फिटला. आता काय मागणं न्हाई."

महाराजांनी गुळाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला.

"आज आरती चुकली, आई. फेटा आम्ही रोज पहाटे बदलतो. उद्या वेळेवर या."