बडेसाबची ओंजळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका, मधे फिदीफिदी हसलात तर मी उठून जाईन. काळखडक गावात तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता. गुरं मरत होती आणि माणसं गाव सोडायला गाड्या भरत होती.

तेव्हा बडेसाबनं विहीर खणायला घेतली. महिना रमजानचा, ऊन वैशाखाचं, आणि त्याचा कडक रोजा. त्याची बायको जैनबी म्हणायची, "मला रोजात दिवस खायला उठतो, आणि हे बघा, खुशाल पहार मारतात!" दोर धरणारी शेजारीण धुरपा तर चिडायचीच. "अरे भाऊ, घोटभर पी! देव काय तुझ्या वाईटावर टपलाय?"

बडेसाब हसायचा. "तुला रोजात तहान दिसते, धुरपाबाई. मला रोजात ऐकू येतं. खाल्लेल्या दिवशी खडक नुसता खडक असतो." मग तो खडकाला कान लावायचा. आत कुणीतरी कुजबुजतंय, म्हणायचा. बाकीच्यांनीही कान लावले, पण कुणाला काही ऐकू आलं नाही.

एका दुपारी खडक फुटला. पाणी उसळलं, बघता बघता बडेसाबच्या छातीला लागलं. तळाशी मिट्ट काळोख. खालून कोरड्या घशाची हाक आली, "दिवस मावळला का गं?"

धुरपाचं काळीज तुटलं. वर ऊन रखरखत होतं, तरी ती ओरडली, "मावळला रे, पी!"

बडेसाबनं ओंजळ भरली. त्याला बघायला धुरपा वाकली, तिच्या कमरेवरच्या पितळी घागरीवर ऊन चमकलं आणि कवडसा थेट ओंजळीत पडला. बडेसाबनं वर पाहिलं. ओंजळ हळूच सोडून दिली. "बाई, मला फसवलंस की गं," एवढंच म्हणाला.

सगळ्यांनी घाईनं दोर ओढला. दोर हलका आला. कमरेची गाठ तशीच आवळलेली, आत माणूस नाही. पोहणाऱ्यांनी तळ गाठला, कोपरा न् कोपरा चाचपला. बडेसाब सापडला नाही.

मग खरोखर दिवस मावळला, आणि त्या विहिरीतून घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला. पाणी ओंजळभर खाली गेलं, असं म्हणतात. जैनबीनं आवाज ओळखला. ती ढसाढसा रडली, आणि मगच तिनं रोजा सोडला.

आजही रमजानात धुरपाच्या घरची थोरली बाई विहिरीच्या काठावर उभी राहते, मावळतीकडे बघते आणि हाक देते, "मावळला, बडेसाबभाऊ!" आधी खालून घोट ऐकू येतात. मग गाव पितं, रोजा असलेलं आणि नसलेलंही. आभाळ भरून आलं असलं तर बाई जरा जास्तच थांबते. तहानलेली पोरं "सांग की लवकर" म्हणून पदर ओढतात, पण ती तोंड उघडत नाही.